चौकीदार कुठं गेला? : ‘आरआरआर’, कोमराम भीम आणि किनवटचा एक वर्ग

हे प्रकरण किनवट तालुक्यातल्या एका महाविद्यालयातलं आहे. १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या आधी बी.ए.च्या इतिहासाच्या वर्गाला ‘आरआरआर’ हा सिनेमा दाखवला आणि त्यातून दोन प्रश्न उभे राहिले. एक वर्गातला: गोंड आदिवासींचा नेता कोमराम भीम पडद्यावर ज्याच्याशी झुंजतो त्याच्याशी खरा भीम कधी लढलाच नाही, मग हा सिनेमा इतिहासाच्या तासाला वापरायचा कसा? दुसरा स्टाफरूममधला: मुक्तिसंग्राम दिनाच्या फलकावर भीमाचं नाव घ्यायचं की नाही? वर्ग माझा होता. विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या गावांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

वर्ग कसा होता हे आधी सांगायला हवं. किनवट म्हणजे मराठवाड्याचं ईशान्य टोक. एका अंगाला पैनगंगा आणि तिच्या पलीकडे यवतमाळ, दुसऱ्या अंगाला तेलंगणातला आदिलाबाद. गोंड, कोलाम, आंध, परधान यांची गावं डोंगराच्या कुशीला, सपाटीवर बंजाऱ्यांचे तांडे आणि मराठा शेतकऱ्यांची गावं, बाजारात तेलुगू बोलणारे व्यापारी. या सगळ्या घरांतली मुलं एकाच बाकावर बसतात. बहुतेकांनी सिनेमा मोबाइलवर आधीच पाहिला होता, कुणी हिंदीत, कुणी थेट तेलुगूत. ‘नाटू नाटू’ला मार्च २०२३ मध्ये ऑस्कर मिळालं तेव्हा ते गाणं इथल्या लग्नांच्या वरातीत वाजतच होतं. गोंड मुलांसाठी मात्र यात आणखी काही होतं. आपल्या माणसाचं नाव, आडनावासकट, एवढ्या मोठ्या पडद्यावर त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्या अभिमानाला धक्का न लावता पुढचं सगळं बोलायचं होतं, आणि मला ती या प्रकरणातली सगळ्यात नाजूक बाब वाटते.

पडद्यावरचा भीम

२५ मार्च २०२२ ला आलेला, एस. एस. राजामौली यांचा हा तीन तासांचा सिनेमा. काळ १९२० चा. इंग्रज गव्हर्नर स्कॉट आणि त्याची बायको शिकारीच्या निमित्तानं आदिलाबादच्या जंगलातल्या गोंड वस्तीवर येतात. मल्ली नावाची लहान मुलगी बाईच्या हातावर नक्षी काढते, गाणं म्हणते. बाईला ती आवडते. मल्लीच्या आईपुढे दोन नाणी टाकली जातात. आईला वाटतं, पोरीच्या गाण्याचं कौतुक म्हणून दिलेत. मोटार सुटते तेव्हा तिला कळतं की पैसे पोरीचे होते. ती मोटारीमागे धावते, शिपाई बंदूक रोखतो, तर साहेब त्याला गोळीची किंमत ऐकवतो. एवढी महागडी गोळी हिच्यावर वाया घालवायची नाही. मग लाकडाच्या ओंडक्यानं काम भागवलं जातं.

मल्लीला सोडवायला भीम दिल्लीला जातो, अख्तर नावाचा मुसलमान मेकॅनिक होऊन राहतो, आंध्रातल्या रंपा डोंगरातल्या आदिवासी उठावाचा नेता अल्लुरी सीताराम राजूशी त्याची मैत्री जमते. पुढं नाच, वाघ-बिबट्यांची गव्हर्नरच्या बंगल्यावर धाड, चाबकाचे फटके, तुरुंग, आग आणि शेवटी साहेबाचा अंत. हे सगळं पुन्हा सांगत बसायचं कारण नाही.

अल्लुरी आणि भीम प्रत्यक्षात कधी भेटले नाहीत. ही कल्पित कथा आहे असं दिग्दर्शकानंही आधीच सांगितलं होतं. त्यामुळं ‘हे खोटं आहे’ असं वर्गात ओरडून काही साधत नाही. विचारायचा प्रश्न वेगळा: कल्पना करताना नेमकं काय बदललं? अल्लुरीच्या बाबतीत फारसं बदललं नाही, म्हणजे निदान शत्रू तरी तोच राहिला. १९२२ ते १९२४ मधला रंपाचा उठाव इंग्रजांच्या मद्रास इलाख्यातला. १८८२ च्या मद्रास फॉरेस्ट अ‍ॅक्टनं डोंगरातली फिरती शेती मोडीत काढली होती. अल्लुरीच्या लोकांनी ऑगस्ट १९२२ मध्ये चिंतपल्लीसारखी पोलीस ठाणी लुटून बंदुका नेल्या आणि मे १९२४ मध्ये इंग्रजी फौजेनं त्याला मारलं. भीमाच्या बाजूला मात्र राज्यच बदलून टाकलंय. आदिलाबाद इंग्रजांकडे नव्हतंच. ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, जसं औरंगाबाद होतं, बीड होतं, नांदेड होतं. सिनेमात निजाम येतो तो एकाच जागी: त्याचा सल्लागार दिल्लीला जाऊन इंग्रजांना बजावतो, की मुलगी परत करा, गोंडांचा राखणदार तिच्या शोधात निघालाय. म्हणजे ज्यांच्या पोलिसांनी भीमाला गोळ्या घातल्या, त्यांचा माणूस इथं जवळपास गोंडांचा हितचिंतक म्हणून उभा आहे.

दारातून आलेला प्रश्न

वर्गाला मी हे सगळं सांगायच्या आतच प्रश्न आला, आणि तो विद्यार्थ्याचा नव्हता. बाजाराचा दिवस होता. एका गोंड मुलीचे आजोबा तिला न्यायला आले होते आणि दाराच्या चौकटीला टेकून शेवटचा तासभर सिनेमा बघत उभे होते. आत या म्हटलं तरी आले नाहीत. दिवे लागल्यावर त्यांनी नातीला गोंडीत काही विचारलं. ती हसली. मी म्हटलं, “आजोबा, आम्हालाबी सांगा की.”

“सर, यात चौकीदार कुठं गेला?”

जंगल चौकीदार. त्यांचा जन्म निजाम गेल्यानंतरचा, पण त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं त्यांना पाठ होतं. चौकीदार यायचा. गुरं मोजायचा, दावणीच्या आणि चरायला गेलेल्या गुरांचा हिशोब मागायचा. नांगराला कुठलं लाकूड लावलंय ते वाकून बघायचा. सागाचं निघालं की नांगर उचलून न्यायचा आणि सोडवायला कोंबडी, तूप, रोकड, जे असेल ते द्यावं लागायचं. “पावती मागितली तं म्हणे तुले वाचता येते काय?” आजोबा एवढंच बोलले आणि नातीला घेऊन निघाले, त्यांना शेवटची गाडी धरायची होती.

माझ्या मते या प्रकरणाचं मर्म त्या प्रश्नात आहे. सिनेमातला जुलूम भव्य आहे: ओंडका, काटेरी चाबूक, राजवाडा. प्रत्यक्षातला जुलूम नांगराएवढा होता आणि रोजचा होता. पुढच्या तासाला मुलांना फळ्यावर दोन याद्या करायला लावल्या. सिनेमात भीमाच्या समोर कोण कोण उभं राहतं, आणि खऱ्या भीमाच्या समोर कोण होतं. पहिली यादी लगेच झाली: गव्हर्नर, त्याची बायको, गोरे सोल्जर. दुसऱ्या यादीसाठी भीमाचं चरित्र सांगावं लागलं.

तो १९०१ च्या सुमाराचा, आसिफाबाद भागातल्या संकेपल्लीचा. घरावर जंगल खात्याचा आणि सावकारी जमीनदारीचा जाच. उभ्या पिकावर हक्क सांगायला आलेल्या सिद्दिक नावाच्या जमीनदाराचा त्याच्या हातून खून झाला आणि तो परागंदा झाला. चांद्याच्या बाजूला तो एका छापखानेवाल्याकडे राहिला, तिथं लिहा-वाचायला शिकला, नंतर आसामच्या चहामळ्यांत मजुरी केली, असं त्याच्या चरित्रांत सांगितलं जातं. परतल्यावर त्यानं जोडेघाटच्या डोंगरात जंगल साफ करून शेती उभी करणाऱ्या गोंड-कोलामांची बाजू घेतली. वनखात्यानं त्या वस्त्या उठवायच्या ठरवल्या, झोपड्या जाळल्या. भीम अर्ज घेऊन थेट हैदराबादला गेला. दाद लागली नाही. मग बारा गावांचा लढा उभा राहिला, ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा आली, आणि १९४० साली निजामाच्या सशस्त्र पोलिसांनी जोडेघाटला त्याला आणि त्याच्या साथीदारांना गोळ्या घातल्या. त्याचा स्मृतिदिन तिथं आश्विन पौर्णिमेला पाळतात. आपल्याकडे त्या रात्री कोजागिरी असते.

दुसरी यादी अशी झाली: चौकीदार, रेंजर, पटवारी, सावकार, जमीनदार, तहसील, पोलीस. एकही गोरा माणूस नाही. शेवटी एका बंजारा मुलीनं खाली आणखी एक शब्द जोडला, ‘कागद’. मी तो खोडू दिला नाही. त्या काळात आदिलाबादच्या गोंडांच्या जमिनी गेल्या त्या मुख्यतः कागदावर गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या कसणारा एक आणि पट्टा दुसऱ्याच्या नावावर. कापसाची शेती वाढली, रस्ते-रेल्वे आली, सपाटीवरून लोक आले आणि ज्याला तहसीलचा रस्ता ठाऊक त्याच्या नावावर रान चढलं. म्हणूनच मल्लीच्या आईचा प्रसंग मला अख्ख्या सिनेमातला सगळ्यात खरा प्रसंग वाटतो. काय विकलं गेलं हे न कळता व्यवहार पुरा झालेला असतो. पोरीच्या जागी जमीन ठेवा, नाण्यांच्या जागी अंगठ्याचा ठसा ठेवा, जोडेघाट समजतं. दिग्दर्शकाला हे दिसलं होतं आणि तरीही पुढचा सिनेमा दिल्लीला गेला, याची मला खरोखर हळहळ वाटते.

आणि तो दिल्लीला का गेला असेल, हेही बोलावं लागलं. गोरा गव्हर्नर पडला की थिएटरमधल्या प्रत्येकाला टाळी वाजवता येते, कारण तो कुणाच्याच घरचा नसतो. पटवारी पडला असता तर? सावकार पडला असता तर? आमच्या वर्गात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचे पणतू होते आणि ज्यांच्या नावावर त्या चढल्या त्यांचेही असतील. ही गोष्ट मी कुणाकडे न बघता सांगितली. वर्ग शांत झाला, पण कुणी उठून गेलं नाही. एका मराठा मुलानं नंतर थांबून विचारलं, “सर, आमच्या सातबाऱ्यावर मागचे फेरफार कसे काढायचे?” त्याला तलाठी कार्यालय आणि तहसीलच्या अभिलेख कक्षाचा रस्ता सांगितला.

दोन धोके

पहिला आक्षेप एका हुशार मुलाचा होता. सगळं निजामावर ढकललं तर इंग्रज सुटले का? अजिबात नाही, आणि त्यासाठी आदिलाबादलाही जायला नको. १७९८ च्या तैनाती फौजेच्या तहानंतर निजामाची सत्ता इंग्रज रेसिडेंटच्या, म्हणजे दरबारातल्या इंग्रजांच्या प्रतिनिधीच्या, नजरेखालीच चालली. आपल्याच नांदेड जिल्ह्यात, हदगावकडच्या नाव्हा इथं नौसाजी नाईकांच्या नेतृत्वाखाली हटकर लढले. जानेवारी १८१९ मध्ये त्यांच्या गढीला वेढा घालणारी फौज निजामाची आणि तिचा अधिकारी इंग्रज, मेजर पिटमन. त्या फौजेच्या पलटणींनी पुढं ‘नोवाह’ हे नाव रणसन्मान म्हणून मिरवलं. आपल्या गावाचं नाव परक्या फौजेच्या निशाणावर चढलं आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात चढलं नाही. राखीव जंगल, परवाना, दंड ही पद्धतही इंग्रजी मुलखातूनच संस्थानात आली. वसाहतीच्या राजवटीविरुद्धचा आदिवासी लढा म्हणून जोडेघाट सांगता येतो, तो असा: वर इंग्रज, मध्ये निजाम, दारात चौकीदार. सिनेमानं मधले आणि खालचे दोन्ही मजले काढून टाकले.

दुसरा धोका अधिक गंभीर. निजाम म्हणताक्षणी मागच्या बाकावरून आवाज आला, “म्हणजे मुसलमानांच्या विरुद्ध लढला!” ऑक्टोबर २०२० मध्ये भीमाची ओळख करून देणारी झलक आली, तिच्यात त्याच्या डोक्यावर जाळीची टोपी होती. त्यावरून मोठा गदारोळ झाला होता आणि तो या मुलांनी मोबाइलवर पाहिला होता. इथं मी फळ्यावरच्या दुसऱ्या यादीकडेच बोट दाखवलं. ही सगळी हुद्द्यांची नावं आहेत. या हुद्द्यांवर मुसलमान होते, ब्राह्मण होते, कोमटी, वेलमा, मराठाही होते. खुद्द निजाम सरकारनं भीमाच्या मृत्यूनंतर व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडून गोंडांच्या दुःस्थितीचे अहवाल घेतले, पुढं जमिनीचे पट्टे दिले, मारलवाईला गोंड शिक्षक घडवायचं केंद्र निघालं आणि गोंडी वाचनपुस्तकं देवनागरीत छापली गेली. उशीर झाला होता, भीम गेला होता, पण हे घडलं. धर्माची मोळी बांधून हा इतिहास उचलता येत नाही.

फलकाचा वाद

स्टाफरूममध्ये दोन आक्षेप आले. एक, भीम तेलंगणाचा, त्याला मराठवाड्याच्या फलकावर कशाला? याचं उत्तर सोपं होतं. भीम गेला तेव्हा किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत किनवट तालुका, बोथ तालुक्याचं इस्लापूर मंडळ आणि राजुरा तालुका आदिलाबादमधून काढून तेव्हाच्या मुंबई राज्याला जोडले गेले. जोडेघाट आणि किनवट यांच्यातली रेघ भीमानं पाहिलेलीच नाही. गोंडांची सोयरीक आजही ती रेघ पाळत नाही.

दुसरा आक्षेप एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आणि तो वजनदार होता. मुक्तिसंग्राम म्हणजे स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली, संस्थान भारतात विलीन व्हावं म्हणून झालेला लढा. भीमाला बारा गावांवर गोंडांचं राज्य हवं होतं. विलीनीकरण हा त्याचा मुद्दाच नव्हता. त्याला मुक्तिसंग्रामाचा सैनिक म्हणणं म्हणजे सिनेमानं केलं तेच करणं, फक्त पडदा बदलून. मला हे पटलं. भीमाला इंग्रजांशी लढवणं जितकं चूक, तितकंच त्याच्या खांद्यावर आपल्याला हवा तो झेंडा देणंही चूक.

शेवटी फलकाचं शीर्षक बदललं: ‘निजामी राजवटीतले लढे’. त्यात नाव्हा १८१९, स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह १९३८, जोडेघाट १९४०, आणि १७ सप्टेंबर १९४८. प्रत्येकाखाली एकच ओळ: कोण लढले आणि काय मागत होते. मागण्या वेगवेगळ्या आहेत हे फलक वाचतानाच दिसतं. भीमाच्या ओळीत ‘आपल्या जंगलावर आणि जमिनीवर आपला कारभार’ असं लिहिलं. १७ तारखेला झेंडावंदनानंतर सगळ्यात जास्त गर्दी त्याच चौकटीपुढे होती, फोटोही तिथेच निघाले.

शेवटचं दृश्य आणि पुढचं काम

सिनेमाच्या शेवटी राजू भीमाला विचारतो, तुला काय हवं? भीम म्हणतो, शिक्षण. मग राजू झेंड्यावर ‘जल, जंगल, जमीन’ लिहून देतो. याला हरकत घेतली ती त्या आजोबांच्या नातीनं. “घोषणा त्याचीच, सर. मग दुसऱ्यानं काऊन लिहून द्यायची? त्याला तं येत होतं ना लिहिता?” माझ्याकडे यापेक्षा चांगली समीक्षा नाही. आदिवासी नायकाला बळ द्यायचं, वाघाशी झुंजवायचं, गाणं द्यायचं आणि लेखणी मात्र दुसऱ्याच्या हातात ठेवायची, ही सवय या एका सिनेमाची नाही. आपल्या पुस्तकांतही आदिवासी उठाव ‘भडकतो’ आणि ‘शमतो’. अर्ज करतो, वाटाघाटी करतो, मागणी मांडतो असं वाचायला मिळत नाही. भीमानं तर अर्जापासूनच सुरुवात केली होती.

त्या मुलीच्या हरकतीवरून वर्गाचा प्रकल्प ठरला: गावातल्या ज्येष्ठांचं कथन आपणच लिहून घ्यायचं, तेही वनहक्काच्या दाव्याला कामी येईल असं. वनहक्क कायदा २००६ चा, जंगलातली जमीन कसणाऱ्यांना तिच्यावर हक्काचा दावा करू देणारा. त्याच्या २००८ च्या नियमांत, १३व्या नियमात, पुराव्यांची यादी आहे. रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, जनगणनेसारखी सरकारी कागदपत्रं, जमिनीवरचे बांध, विहिरी, देवस्थानं, दफनभूमी हे तर आहेच, पण दावेदाराखेरीज इतर ज्येष्ठांचं लिहून घेतलेलं कथन हाही त्यात पुरावा मानलाय. एकाहून अधिक पुरावे जोडावे लागतात, त्यामुळं नुसत्या कथनावर दावा उभा राहत नाही. तरीही अनेक कोलाम आणि गोंड घरांत कागद म्हणावा असा दुसरा काही नसतो आणि तिथं हे कथन मोलाचं ठरतं. आदिवासी दावेदाराचा ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा असावा लागतो. ही तारीख मुलांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतली.

म्हणून इतिहासाच्या मुलाखतीचा नमुनाच बदलला. आधी आम्ही ‘निजामाच्या काळाबद्दल काय ऐकलंय?’ असं मोघम विचारत होतो. आता विचारतो: ते रान कुठल्या नाल्याच्या कुठल्या काठाला, आधी कोण कसत होतं, आताचे शेजारी कोण, दंड कधी झाला, किती, कुणी घेतला. सांगणाऱ्याचं नाव, अंदाजे वय, सही किंवा अंगठा, लिहून घेणाऱ्याची सही, तारीख. कथन गोंडीत असेल तर आधी गोंडीत देवनागरीनं उतरवायचं आणि शेजारी मराठी. एक प्रत घरी, एक ग्रामसभेच्या वनहक्क समितीला, एक महाविद्यालयात. पहिलं कथन त्याच आजोबांचं घेतलं. त्यांच्या शेजाऱ्याचा दावा उपविभागीय समितीकडून पुराव्याअभावी परत आला होता, आता फेरसादर करताना हे सोबत जोडलंय. निकाल अजून लागलेला नाही.

सिनेमा पुढच्या वर्गालाही दाखवणार आहे, पण तीन तास नाही. मल्लीला नेतात तो सुरुवातीचा भाग, निजामाच्या सल्लागाराचं दृश्य आणि झेंड्याचा शेवट, एवढंच. उरलेल्या वेळात त्याच दिवशी दोन याद्या फळ्यावर, आणि आठवड्याभरात प्रत्येकानं आपल्या किंवा शेजारच्या गावातल्या एका ज्येष्ठाचं कथन वरच्या नमुन्यात आणायचं. मराठा आणि बंजारा मुलांनाही हेच काम, आणि जमलं तर घरच्या सातबाऱ्याचे जुने फेरफार सोबत.